पत्रपेटी : किती वेळाने उठलं?

या महिन्यातली पत्रं वाचताना वाटलं, सगळी एकाच घरातून आलीत. गावं वेगळी, माणसं वेगळी, तक्रार मात्र एकच: राखणीला ठेवलेलाच अंगावर आला. राखणदार म्हणजे आपली प्रतिकारयंत्रणा. ती अंगावर कशी येते, हा विषय मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एकोणतीस वर्षं शिकवला. तोंडी परीक्षेत पोरं गेल आणि कूम्ब्स यांचं असल्या उलट्या प्रतिक्रियांच्या चार प्रकारांचं १९६३ सालचं कोष्टक घडाघडा म्हणायला लागली की मी हात वर करायची. "कोष्टक राहू दे. पेशंटला कशानंतर, किती वेळाने उठलं, हे विचारलंस का?" बहुतेकांनी विचारलेलं नसायचं. दहा मिनिटं, दोन दिवस की नऊ दिवस, एवढं कळलं तरी निम्मं निदान हातात येतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वेळ नेमकी लिहिली आहे. परीक्षेला बसला असतात तर पास केलं असतं.

आणखी एक. पाच-सहा पत्रांच्या शेवटी ‘प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावं?’ अशी पुरवणी आहे. त्याचं उत्तर नाशिकच्या ताईंना दिलं आहे, बाकीच्यांनी तिथेच वाचावं.

"जूनमध्ये कलमांच्या बागेत मिस्टरांना फुरसं चावलं. ग्रामीण रुग्णालयात सापाची लस चढवली. दुसरी बाटली संपत आली तशा अंगभर गांधी उठल्या, थंडी वाजली, धाप लागली. डॉक्टरांनी लस थांबवून मांडीत इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने परत लस सुरू केली. चौथ्या दिवशी घरी आले. नवव्या दिवशी पुन्हा ताप, सगळे सांधे धरले, चट्टे आले, काखेत गाठी आल्या. गावात म्हणतात, विष उलटलं. सासूबाईंनी उतारा टाकला. पुन्हा कधी साप चावला तर लस घ्यायची की नाही?" — एक गृहिणी, रत्नागिरी जिल्हा

ताई, विष उलटलेलं नाही. उलटला तो घोडा.

सापाची लस म्हणतो ती खरं तर लस नाही, प्रतिविष आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्यांना बेताबेताने टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली प्रतिपिंडं. ती गाळून, शुद्ध करून बाटलीत भरतात. मुंबईत परळच्या हाफकिनचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे ते याच कामामुळे. तुमच्या मिस्टरांच्या शिरेत बाटल्याच्या बाटल्या घोड्याची प्रथिनं गेली. त्यांनी फुरशाचं विष बांधून टाकलं आणि रक्त गोठायला लागलं. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं बाजूला ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल, ती त्याचीच परीक्षा. जीव वाचला तो या प्रथिनांनी, आणि त्रास झाला तोही त्यांनीच.

त्रास दोन झाले आणि दोन्हींच्या वेळा वेगळ्या. पहिला काही मिनिटांतला. कातडीत, श्वासनलिकेत, आतड्याच्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. हिस्टामिन या खाज-सूज आणणाऱ्या रसायनाच्या पुड्या पोटात भरून बसलेल्या. त्या फुटल्या की गांधी, धाप, रक्तदाब खाली. एरवी त्या फुटायला शरीराची त्या पदार्थाशी आधीची ओळख लागते. प्रतिविषाच्या बाबतीत मात्र पुष्कळदा ओळख नसतानाही, नुसत्या प्रथिनांच्या भडिमाराने त्या फुटतात. म्हणून प्रतिविष देण्याआधी कातडीवर टोचून बघण्याचा काही उपयोग नसतो, वेळ तेवढा जातो. मांडीत दिलेलं इंजेक्शन ॲड्रेनालिनचं असणार. तुमच्या त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. घाबरून लस बंद करून पुढे पाठवून देणारे मी पाहिलेत.

दुसरा त्रास नवव्या दिवसाचा. इथे कॅलेंडर बघायचं. अनोळखी प्रथिनाविरुद्ध स्वतःच्या अँटिबॉडी तयार करायला माणसाला आठवडा ते दहा दिवस लागतात. त्या तयार होईपर्यंत घोड्याची प्रथिनं रक्तात फिरतच होती. दोघांची गाठ पडली आणि बारीक बारीक गुंतवळ तयार झालं. थोडं असतं तर यकृत-प्लीहेने गाळून टाकलं असतं. इतकं झालं की ते कातडीच्या, सांध्यांच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकलं. अडकल्या जागी पांढऱ्या पेशी धावल्या, जंतू समजून आपली पाचक रसायनं ओतली, आणि भाजला तो आपलाच सांधा. याला सीरम सिकनेस म्हणतात. व्हिएन्नामध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोन डॉक्टर घटसर्पाच्या मुलांना घोड्याचं सीरम, म्हणजे रक्तातलं पेशींविना पाणी, देत होते. त्यांनी हाच ताप, हेच सांधे आणि हेच आठ-बारा दिवस टिपून ठेवले आणि १९०५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढच्या वर्षी पिर्के यांनी या सगळ्याला एक नवा शब्द दिला: ॲलर्जी. म्हणजे आपण उठता-बसता वापरतो तो शब्द कोळंबी-शेंगदाण्यावरून आलेला नाही, असल्याच घोड्यावरून आलेला आहे.

घोड्याची प्रथिनं संपली की हे आपोआप ओसरतं, आठवडा-दोन आठवड्यांत. डॉक्टरांनी थोडे दिवस स्टिरॉइड दिलं असेल तर ते सांगतील तसंच घ्या आणि लघवीची एक तपासणी करून घ्या.

पुन्हा साप चावला तर? लस घ्यायचीच, एका मिनिटाचाही विचार न करता. या वेळची कागदपत्रं जपून ठेवा आणि तिथे गेल्या गेल्या सांगा. ओळख झालेली असल्याने पुढच्या खेपेला त्रास लवकर येऊ शकतो, ॲड्रेनालिन भरून हाताशी ठेवलं की झालं. उताऱ्याबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका. तो चट्टे गेल्यावर आपोआप यशस्वी होणारच आहे.

"मी मालवणचा, वय २६, पुण्यात नोकरी. दात आले तेव्हापासून कोळंबी खातोय. मे महिन्यात चुलत बहिणीच्या हळदीला कोळंबी मसाला खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, गांधी उठल्या, घसा आवळला, उलटी झाली, मी कोसळलो. ॲव्हिल, स्टिरॉइड, सलाइन दिलं. आई म्हणते कोळंबी शिळी होती. सोडे चांगले उकळून घेतले तर चालेल का? आणि सुरमई?" — एक वाचक, पुणे

माझ्या धाकट्याच्या वयाचा आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते. आधी आईला एक विचार: पंगतीत आणखी कुणाला झालं का? मासळी शिळी असेल, विशेषतः बांगडा किंवा टूना, तर तिच्या मांसात जिवाणू हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून जात नाही आणि खाणाऱ्या बऱ्याच जणांना एकदमच ओठ-तोंड लाल, डोकेदुखी, गांधी होतात. तू एकटाच कोसळलास. कोळंबी ताजी होती रे, बदललास तू.

‘इतकी वर्षं चाललं, मग आताच कसं?’ हा प्रश्न मला हजार वेळा विचारला गेला असेल. पहिल्यांदा हे कोडं शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांना पडलं. १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या बोटीवरून ते समुद्रातल्या डंख मारणाऱ्या जीवांचं विष अभ्यासायला निघाले. पॅरिसला परतल्यावर समुद्रफुलाचा अर्क कुत्र्यांना थोडा थोडा टोचला, हेतू हा की कुत्र्यांना विषाची सवय व्हावी. नेपच्यून नावाच्या दणकट कुत्र्याने पहिला डोस सहज पचवला. तीन आठवड्यांनी तेवढाच दिला तर अर्ध्या तासाच्या आत तो गेला. संरक्षण द्यायला गेले आणि उलटंच झालं, म्हणून त्याला नाव दिलं ॲनाफिलॅक्सिस. रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. कुत्र्याचं फक्त नाव राहिलं.

तुझ्या बाबतीत झालं ते असं. मधल्या काळात कधीतरी तुझ्या शरीराने कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाविरुद्ध ‘आयजीई’ जातीच्या अँटिबॉडी केल्या. या अँटिबॉडी मुळात जंत-कृमींशी लढायला ठेवलेल्या. त्या जाऊन मास्ट पेशींच्या अंगावर बसल्या आणि वाट बघत राहिल्या. हळदीच्या दिवशी प्रथिन आलं, दोन शेजारच्या अँटिबॉडींना एकदम चिकटलं, की पेशी फुटली. सगळा कारभार दहा मिनिटांचा. या अँटिबॉडी रक्तात असतात हे कसं कळलं ते फार गमतीचं आहे. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ या डॉक्टराने आपला मासळी न सोसणारा सहकारी क्युस्टनर याचं सीरम स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी गांध उठली. प्राउस्निट्झ स्वतः मासळी मजेत खात असे. त्याच्या कातडीतला तो पैशाएवढा तुकडा तेवढा क्युस्टनरचा झाला होता.

आता तुझ्या प्रश्नांकडे. सोडे उकळून काही होत नाही, ट्रोपोमायोसिन उष्णतेला दाद देत नाही. सोडे, जवळा, करंदी, चिंबोरी, शेवंड, सगळं बंद. जवळ्याच्या चटणीचा चमचा दुसऱ्या डब्यात जातो, तोही. सुरमईचं प्रथिन वेगळं असतं, त्यामुळे कोळंबीवाल्याला मासळी चालू शकते, पण ते ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे तपासून ठरव, घरी प्रयोग नकोत. आणि एक गंमत: गादीतल्या धुळीत राहणाऱ्या माइट नावाच्या किड्यात आणि झुरळातही जवळपास तेच प्रथिन असतं. पुण्यात आल्यापासून सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात का, गादी कुणाची जुनी घेतलीस का, हे मला कळव.

जे झालं त्यात मला एकच गोष्ट खटकली. ॲव्हिल खाज थांबवतं, स्टिरॉइडला काम करायला तास लागतात. घसा आवळलेला असताना जीव वाचवतं ते ॲड्रेनालिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवं ठेवायचं, उठवून चालवायचं नाही. आईला सांग, आमसुलाचं पाणी साध्या पित्तावर लावायला मीही लावते. पण ओठ सुजले आणि आवाज बसला तर आमसूल शोधत बसायचं नाही, गाडी काढायची.

"मिस्टरांचं वय ४७, शेती. तीन वर्षांपासून पापण्या सुजतात, मान, कोपराची लवण, कपाळ लाल होऊन खाजतं. आता कातडी जाड, काळी पडली. खरजेची मलमं झाली, नागिणीवरचं लिंपण झालं. महिनाभर डोंबिवलीला दिरांकडे राहिले तर साफ बरं झालं. परत आले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच." — फलटण तालुका

‘तिसऱ्या दिवशी’ लिहिलंत, फार बरं केलंत. तुमच्या बांधावर पांढऱ्या बारीक फुलांचं, गाजरासारख्या पानांचं गवत असणार. गाजरगवत, काँग्रेस गवत. आपल्याकडे त्याची पहिली नोंद पुण्यातली, १९५५ च्या आसपासची. परदेशी गव्हातून आलं म्हणतात. त्यातलं पार्थेनिन हे रसायन इतकं लहान असतं की एकट्याने ते शरीराच्या पहाऱ्यात येतही नाही. कातडीतल्या प्रथिनाला चिकटलं की मात्र ते प्रथिन परकं दिसायला लागतं. इथे अँटिबॉडीचं काम नाही. इथे टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी स्वतः चालत येतात, आपल्या साथीदारांना बोलावतात, आणि या जमवाजमवीला दोन दिवस लागतात. गवताची वाळलेली धूळ वाऱ्यावर उडते, म्हणून उघडं अंग तेवढं पकडलं जातं: पापण्या, मान, हात.

क्षयासाठी हातावर मांटूची सुई टोचून ‘दोन-तीन दिवसांनी दाखवायला या’ म्हणतात, तेही याच टी पेशींसाठी. लगेच बघून काही कळत नाही.

आमच्या आजीकडे टाचेच्या भेगांसाठी बिब्बे असायचे, तापवून त्यांचं तेल लावायची. एकदा शेजारच्या काकू कौतुकाने बिब्बा फोडायला बसल्या. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी बोटं खाजली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे डोळे उघडेनात, तोंड घागरीएवढं. आजी नुसतं म्हणाली, "उतला गं हिला." बिब्बा जागेवर कातडी भाजतो ते कुणाचीही भाजतो. पण दोन दिवसांनी, न लागलेल्या ठिकाणीसुद्धा पसरत जाणं, ते उतणं. मी पुढे तीन तास फळ्यावर खडू झिजवून जे शिकवलं, ते आमच्या बायकांनी एका क्रियापदात ठेवून दिलं होतं. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. ज्याला बिब्बा उततो त्याला हापूसचा चीकही कधी कधी उततो.

मिस्टरांना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात, नंतर आणखी एकदा बघतात. गवत फुलोऱ्याच्या आधी उपटायचं, पण ते मिस्टरांनी नाही, दुसऱ्या कुणीतरी, हातमोजे घालून. जाळू नका. शेतावरून आल्यावर आधी आंघोळ, कपडे वेगळे. आणि मेडिकलवाल्याच्या हातचं ते तीन औषधांचं मिश्रण असलेलं मलम बंद करा, पापण्यांवर तर मुळीच नको.

"मुलगी २३ वर्षांची. थकवा, केस गळणं. कुणीतरी सांगितलं म्हणून तपासणी केली तर एएनए पॉझिटिव्ह, १:८० आलं. मोबाइलवर वाचलं की हा ल्युपस. जाऊबाईंनी गुळवेलीचा रस सुरू केला, म्हणाल्या प्रतिकारशक्ती वाढली की बरं होईल. आम्हाला झोप नाही." — एक आई, नाशिक

ताई, आधी झोपा. एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी, आणि १:८० म्हणजे सीरम ऐंशी पट पातळ करूनही त्या दिसल्या. एवढ्या पातळीला अगदी धडधाकट माणसांतही शंभरात दहा-पंधरा जणांचं एएनए पॉझिटिव्ह येतं. १:४० ला तर जवळपास तिघांत एकाचं. ल्युपस म्हणजे प्रतिकारयंत्रणा आपल्याच शरीरावर उठण्याचा आजार, तो नुसत्या कागदावर होत नाही. मला हे कळवा: उन्हात गेल्यावर गालांवर आणि नाकावर लाली येते का? तोंडात न दुखणारे छाले? सकाळी बोटं आखडलेली? पाय सुजणं, लघवीला फेस? हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघितलं का? तेविसाव्या वर्षी थकवा आणि केस गळणं याचं कारण बहुतेकदा लोह किंवा थायरॉइड निघतं. लघवीची साधी तपासणी मात्र आजच करा. ती स्वस्त आहे आणि ल्युपस असेलच तर मूत्रपिंडाची पहिली खबर तीच देते.

आता प्रतिकारशक्ती. ‘वाढवा’ म्हणणाऱ्यांना वाटतं की ही विहिरीच्या पाण्यासारखी चीज आहे, जास्त असली की बरं. गेल्या तीन पत्रांत बघा, कुणाची कमी होती? ऑटोइम्यून आजारात तर ती आपल्याच घरात घुसलेली असते. शतकापूर्वी पॉल एर्लिख यांनी बोकडांवर प्रयोग करून सांगितलं की शरीर स्वतःविरुद्ध उठत नाही. या भयंकर गोष्टीला त्यांनी लॅटिनमध्ये नावही ठेवलं: हॉरर ऑटोटॉक्सिकस. त्यांच्या वजनाखाली पन्नास वर्षं सगळे तसंच मानत राहिले. शेवटी १९५६ मध्ये बफेलोच्या नोएल रोझ आणि एर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशाला त्याच्याच थायरॉइडचा अर्क टोचून दाखवला. सशाने अँटिबॉडी केल्या आणि उरलेली थायरॉइड सुजली.

मग एरवी आपण वाचतो कसे? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. तिथे टी पेशी निवडल्या जातात, सुपात तांदूळ निवडावेत तशा. शिरलेल्यांपैकी शंभरात दोन-पाच बाहेर पडतात. काही कुचकामी म्हणून टाकून देतात, काही आपल्याच अंगावर येतील म्हणून. पण कितीही निवडले तरी दाताखाली एखादा खडा येतोच, तसे काही चुकार निसटतात. त्यांना बाहेर धाकात ठेवायला वेगळ्या टी पेशी असतात, हे शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं. त्या पेशींचा मुख्य जनुक मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी हुडकला. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं ते याच कामाला. हा धाक सुटला, त्यात घराण्यातून आलेले काही जनुक, एखादा संसर्ग, कधी ऊन अशी निमित्तं जमली, की आजार सुरू होतो. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका का, याचं एका ओळीत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ल्युपस झाल्यावर जे घडतं ते रत्नागिरीच्या पत्रातल्यासारखंच, तेच गुंतवळ, त्याच बारीक रक्तवाहिन्या. फरक हा की तिथे घोडा पंधरा दिवसांत संपला. इथे ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत तो आपल्याच पेशींतला डीएनए, तो संपणार कसा? म्हणून औषध वर्षानुवर्षं.

गुळवेल थांबवा. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांची यकृतं सुजल्याचं प्रसिद्ध केलं होतं, ऑटोइम्यून कावीळ असावी तशी. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वनस्पती ओळखण्यात चूक झाली असेल असं म्हटलं. तो वाद त्यांचा चालू दे. पण ज्या मुलीच्या बाबतीत ऑटोइम्यूनची शंका आहे तिला डिवचण्याचं औषध कशाला? जाऊबाईंना माझं नाव सांगा, वाईटपणा मी घेते.

"आमवातासाठी मेथोट्रेक्झेट लिहून दिलं. मेडिकलवाला म्हणाला, हे कॅन्सरचं औषध आहे. घ्यावं का?" — निवृत्त एसटी वाहक, सोलापूर

घ्या. कॅन्सरला ते फार मोठ्या मात्रेत देतात, सांध्यांना अगदी थोड्या. पण आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांनी ठरवलेल्या एकाच वारी. रोज घेतलं तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी खाली येतात, माणसं दगावतात. चूक बहुतेकदा घरात होते, गोळ्या भरून ठेवणाऱ्याकडून. पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात वार लिहा, ‘गुरुवार’ तर ‘गुरुवार’. फॉलिक ॲसिड सांगितलेल्या दिवशी, रक्ततपासण्या वेळेवर. दारू घेत असाल तर ती सोडा आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

"सुनेला ग्रेव्हजचा आजार होता, थायरॉइड चार वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढली. आता ती थायरॉक्सिनची गोळी घेते. नातू झाला. नवव्या दिवशी त्याची नाडी १९० भरली, दूध पितो पण वजन वाढेना, डोळे टक्क उघडे. डॉक्टर म्हणाले बाळाची थायरॉइड जोरात चालली आहे, आईकडून आलं. आईची ग्रंथीच नाही, मग आलं कुठून? आणि पोराला जन्मभर औषध का?" — निवृत्त शिक्षक, लातूर

गुरुजी, प्रश्न अगदी वर्मावर आहे. ग्रेव्हजच्या आजारात अँटिबॉडी थायरॉइडला जादा पळवतात. ग्रंथी गेली, पण तिला पळवणाऱ्या अँटिबॉडी आईच्या रक्तात राहिल्या. या अँटिबॉडींची रीतच न्यारी. त्या ग्रंथीला मारत नाहीत. मेंदूकडून ‘काम कर’ म्हणून येणारा संप्रेरक ज्या ठिकाणी बसतो, तिथेच त्या जाऊन बसतात आणि बटण दाबून धरतात. आईकडे दाबायला बटण उरलं नाही. नाळेतून त्या बाळाकडे गेल्या, तिथे नवीकोरी ग्रंथी होती.

अँटिबॉडी एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात गेली तर आजारही जातो, हे सेंट लुईसच्या विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टराने १९५० च्या सुमारास स्वतःवर बघितलं. प्लेटलेट नाहीशा होण्याच्या एका आजारातल्या बाईचं रक्त त्याने स्वतःला चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळजवळ संपल्या, आकडी आली. साधारण आठवड्याभरात तो पूर्ववत झाला, कारण अँटिबॉडी उसनी होती. त्याच्या शरीराला ती नव्याने बनवता येत नव्हती.

तुमच्या नातवाचंही तेच आहे. या अँटिबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात, पुढच्या तीन आठवड्यांत त्याच्या निम्म्या. बहुतेक बाळांचं औषध तीन-चार महिन्यांत सुटतं, फार तर सहा. तोवर मात्र एकही डोस चुकवायचा नाही, कारण इतकी नाडी लहान हृदयाला झेपत नाही. आईचं दूध चालू ठेवा, तिच्या गोळीने बाळाला काही होत नाही. सुनेच्या केसपेपरवर ठळक लिहून ठेवा: पुढच्या गरोदरपणात विसाव्या आठवड्याच्या सुमाराला या अँटिबॉडी मोजायच्या. ‘थायरॉइड काढली आहे’ एवढं ऐकलं की पुष्कळजण पुढे विचारत नाहीत.

बाळ झोपलेलं असताना छातीवर कान किंवा हात ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहा. तुम्ही हजेरीपट भरलेले आहेत, तुमच्यासारखी नोंद दवाखान्यातही कुणी ठेवणार नाही. तीन महिन्यांनी ते पान मला पाठवा. बारसं झालं असेल तर नाव काय ठेवलंत तेही लिहा.